शिवणवर्गातली पोती

"वसीम, सरकारच्या पैशावर नजर ठेवणारा माणूस या जिल्ह्यात एकच हाय," असं जगदेवभाऊ रोज सांगत. तो कोण, हे विचारायची सोय वसीमला नव्हती, कारण त्याचं पंक्चरचं दुकान भाऊंच्याच जागेत होतं. 'अनुदान-अन्वेषक' ही पदवी भाऊंनी स्वतःच स्वतःला बहाल केली होती. घरची शेती त्यांच्या पत्नी कस्तुराबाई पाहायच्या आणि भाऊ देशाकडे पाहायचे.

या खेपेला मेडशीतल्या महिला संस्थेचा शिवणवर्ग त्यांच्या तावडीत सापडला. अनुदानाच्या शिलाई मशिनी गायब असल्याची तक्रार त्यांनी ठोकली होती आणि आज वाशीमच्या सरकारी कार्यालयातून ज्योत्स्ना मॅडम तपासणीला येणार होत्या. मशिनी दिसल्या नाहीत तर अनुदान बंद आणि वर्गाला कुलूप. यात वसीमचंही नुकसान होतं. त्याची बायको तूबा बाळंतपणाला कारंज्याला गेली होती. परतल्यावर ती याच वर्गात शिकणार होती.

दोघांनी वर्गाच्या खिडकीतून डोकावलं. आत मशिनींच्या जागी सोयाबीनची पोती.

"मशिनी इकल्या अन् सोयाबीन भरलं," भाऊ म्हणाले. "भाव चढला का इकतीन."

"भाऊ, फरहाआपाले इचारू का?" वर्ग फरहा चालवायची.

"गुन्हेगाराले इचारत नसतेत. सावध होते तो."

मग मशिनी पोत्यांतच लपवल्या असाव्यात, असं भाऊंना वाटलं. त्यांनी खिडकीच्या गजांतून टोकदार काठी घालून दोन-तीन पोती भोसकली. आत सोयाबीनच निघालं. तेव्हा भाऊंनी जाहीर केलं की मशिनी मुळात आल्याच नव्हत्या, फक्त कागदावर होत्या.

"पण भाऊ, उद्घाटनाचे पेढे तर आपण खाल्ले."

"तेही कागदावरचेच होते."

एवढ्यात मॅडम आल्या. मागून चावी घेऊन फरहा आणि शेतातून थेट कस्तुराबाई.

"मशिनी कुठे आहेत?" मॅडमनी विचारलं.

"बायकांच्या घरी. तिथंच शिवून राह्यल्या त्या," फरहा म्हणाली.

"आणि ही पोती कुणाची?"

फरहाने कस्तुराबाईंकडे पाहिलं. कस्तुराबाई पुढे झाल्या. "आमची हायेत. अवकाळी आला तवा हे वाशीमले कोणाची तरी तक्रार द्याले गेले होते. पोती भिजू नये म्हनून मीच फरहाच्या हातापाया पडली. जागा कराले बायकाइनं एकेक मशीन घरी नेली. एक आमच्याकडं हाय. तिच्यावर कागद ठेवूनच ह्याइनं तक्रार लिवली."

"तरीच म्हटलं," भाऊ पुटपुटले, "तो टेबल पायाखाली हालते काहून."

मॅडमनी हुकूम दिला: पोती आजच हलवा, मशिनी आजच परत आणा, वर्ग उद्यापासून सुरू. वसीमचा जीव भांड्यात पडला.

"तू आधी काहून नाही सांगितलं?" भाऊ फरहावर उखडले.

"मले कोणी इचारलंच नाही, भाऊ."

संध्याकाळपर्यंत भाऊ स्वतःच्या पाठीवर पोती वाहत होते. भोसकलेली पोती वाटेभर गळत होती. वसीमने पाहिलं, तर वर्गाच्या दारातून निघालेली सोयाबीनची रेघ सरळ भाऊंच्या उंबऱ्यापर्यंत गेली होती. भाऊंच्या आजवरच्या तपासांत गुन्हेगाराच्या घरापर्यंत पोचलेला हा पहिलाच माग होता.