बाबांसाठी गव्हाचा ब्रेड

बाबांच्या दहाव्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी ठरवलं की ब्रेड घरीच करायचा. घरात सुतक, बैठकीत सतरंज्या, बाहेर अकोल्याचा मे महिना. अशा वेळी माणसाने गप्प बसावं. पण मला गप्प बसता येत नाही.

विषय काढला भागीरथा आत्याने, म्हणजे बाबांच्या धाकट्या बहिणीने. "उद्या पिंडापाशी भाऊच्या आवडीचं काही ठेवा. जीव अडकला असन तं कावळा शिवत नाई."

बाबांना आवडायचा ब्रेड. ते एसटीत कंडक्टर होते. पहाटेच्या गाडीआधी स्टँडवर चहात ब्रेड बुडवून खायची सवय लागली ती रिटायर झाल्यावरही सुटली नाही. पुढे शुगर निघाली, डॉक्टरांनी मैदा बंद केला आणि मी (वरून आलेला प्रत्येक आदेश तंतोतंत पाळणारा क्लार्क) ब्रेडचा तुकडाही घरात येऊ दिला नाही. शेवटच्या आजारपणात ते रोज विचारायचे, "ब्रेड आणला काय रे?" मी रोज पोळी पुढे करायचो. ते तोंड फिरवून घ्यायचे. बाबा उपाशी गेले, ही गोष्ट माझ्या मनातून काही केल्या जात नव्हती.

"किशोर, बेकरीतून घेऊन ये एक पुडा," आत्या म्हणाली.

"त्यात मैदा असते," मी म्हणालो.

बैठकीतली माणसं माझ्याकडे पाहू लागली. माझी बायको गीतांजली हळूच म्हणाली, "बाबा गेले आता. शुगर कोणाची वाढन?"

"जिवंतपणी दिला नाई अन् आता चारू काय? गव्हाचा करतो. घरीच."

आई भिंतीला टेकून बसली होती. ती काहीच बोलली नाही. तिचा होकार आहे असं मी धरून चाललो (लग्नाआधी गीतांजलीच्या बाबतीतही मी असंच धरून चाललो होतो).

मोबाइलवर एक बाई ब्रेड करून दाखवत होत्या. कणीक चिकटच असू द्या, वरून पीठ घालू नका, असं त्या पुन्हापुन्हा बजावत होत्या. पण आमच्याकडे कणीक बोटाला चिकटली म्हणजे करणाऱ्याला वळण नाही, असा अर्थ होतो. त्यात आत्या दारात उभी राहून पाहत होती. "पातळ झालं बाप्पा," ती म्हणाली. मी मूठभर पीठ घातलं. "अजून," ती म्हणाली. गोवऱ्यांत भाजायच्या रोडग्याला लागते तशी घट्ट कणीक झाली तेव्हा कुठे आत्या दारातून हलली.

मग त्या बाईंनी सांगितलं, गोळा ऊबदार जागी ठेवा, दुप्पट फुगेल. त्यांच्या अंगात स्वेटर होता, तिकडे माझं लक्ष गेलं नाही. मी परात उचलली आणि गच्चीवर कुरड्या वाळवतो तिथे नेऊन ठेवली. आमच्या गच्चीपेक्षा ऊबदार जागा उभ्या वऱ्हाडात नसेल.

तासाभराने पाहिलं तर गोळा फुगला नव्हताच, उलट आक्रसला होता. वर कडक साल धरली होती.

"काहून फुगला नाई?" गीतांजलीने विचारलं.

"फुगून राहिला. आतून फुगून राहिला."

तो मी कुकरमध्ये मिठावर ठेवून भाजला. कापायला आधी सुरी घेतली, मग विळी. आत्याने काही न बोलता अडकित्ता आणून ठेवला. सुतकात हसत नाहीत म्हणून सगळे डोळ्यांना पदर आणि रुमाल लावून बसले. नेमकं त्याच वेळी भेटायला आलेल्या एका शेजाऱ्याला फार गहिवरून आलं.

"बाबा तसंही चहात बुडवूनच खात," मी म्हणालो.

सकाळी नदीवर पिंड मांडले. शेजारी पळसाच्या पानावर माझा ब्रेड आणि चहाची वाटी. समोरच्या कडुनिंबावर कावळे भरपूर होते. एक खाली आला. त्याने ब्रेडकडे मान वाकडी करून पाहिलं, एकदा चोच मारली आणि उडून गेला. तो जाऊन बाकीच्यांना काय बोलला कोण जाणे, नंतर एकही फिरकला नाही.

माझा धाकटा भाऊ जीवन हात जोडून म्हणाला, "बाबा, आईले आमी अंतर देत नाई." कावळा हलला नाही. आत्या म्हणाली, "भाऊ, पोरं भांडत नाईत, तू जाय सुखानं." काहीच नाही. ऊन चढलं. गुरुजींना दुसरीकडे जायचं होतं, ते म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिववून घेऊ." म्हणजे बाबा खरंच उपाशी गेले होते, आणि आता मेल्यावरही उपाशीच जाणार होते. मी सगळ्यांसमोर रडायला लागलो.

आई उठली. सावकाश पिंडापाशी गेली, माझा ब्रेड पानावरून उचलून तिने पदराखाली घेतला आणि कडुनिंबाकडे पाहून म्हणाली, "आवो, पोरानं तुमच्यासाठी जीव लावून केला, पण त्याले येत नाई. मी असेपर्यंत त्याले पुन्हा चुलीपाशी जाऊ देत नाई. या आता, खाऊन घ्या."

तिचं बोलणं संपायच्या आत कावळा खाली आला आणि त्याने मधल्या पिंडाला चोच लावली. मागोमाग सगळं झाडच उतरलं.

आई रडली, दहा दिवसांत पहिल्यांदा. मीही पुन्हा रडलो. गीतांजलीने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि जीवनला हळू आवाजात म्हणाली, "बाबा गेले भाऊजी, पण जाता जाता आपल्याले वाचवून गेले."