गंगाक्कानं राखलेलं तोंड

गंगाक्काच्या डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला कायम काहीतरी फासलेलं असायचं. कधी मसुराचं पीठ, कधी कोरफडीचा गर, कधी दह्याची निवळी. मी लग्न होऊन निपाणीत आले आणि शेजारीण म्हणून तिला पहिल्यांदा हळदीकुंकवाला बोलावलं, तर तिनं माझ्या करंड्यातलं चिमूटभर कुंकू घेऊन त्या कोपरावर चोळलं. म्हणाली, "तीन दिस थांब. कोपर रुसलं न्हाय तर कपाळाला लावून घेते."

चौथ्या दिवशी खरोखरच आली आणि कपाळ पुढं करून बसली.

कातडी फार नाजूक तिची. हळदीनं पुरळ उठायचं, लिंबानं आग व्हायची. आणि पोटासाठी दिवसभर बसायचं कुठं, तर तंबाखूच्या वखारीत, पाला निवडत. मीही तिथंच जायचे; तिथली भुकटी माझ्या राकट हातांनाही चावायची. गंगाक्का डोळे तेवढे सोडून सगळं तोंड जुन्या धडप्यात गुंडाळून घ्यायची. बाकीच्या बाया खिदळायच्या. कुणी म्हणायची, "आक्का, पाल्याची दिष्ट लागती व्हय गं?"

तिचं उत्तर ठरलेलं. "दिवसा वखार माझं तोंड खाती, रातीला मी त्ये भरून काढते."

वय चाळिशीला टेकलेलं. नवरा वीस-बावीस वर्षांपूर्वी जर्मनच्या लढाईवर गेला तो आलाच नाही, एवढं गल्लीला माहीत होतं. सासू-सासरे वारलेले, मूल नाही. अशा बाईनं डोळ्यांखालच्या सुरकुत्यांसाठी एवढा खटाटोप करावा, याचा अर्थ गल्लीनं आपापल्या परीनं लावला होता. खोटं कशाला सांगू, मीही लावला होता.

एकदा मला सोबत घेऊन ती वैद्यबुवांकडे गेली. त्यांनी वय विचारलं.

"त्ये ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "सतराचं करून द्या. आन् सवंग करून द्या."

वैद्यबुवा हसले नाहीत. त्यांनी सांगितलं, गाईचं तूप घे, तांब्याच्या परातीत गार पाण्यानं शंभर वेळा धू. लोण्यासारखं पांढरं होईल, ते निजताना लाव. नाजूक कातडीला त्याहून चांगलं काही नाही.

परात माझी गेली. तूप तिनं स्वतःच्या जेवणातलं काढलं. तशीही ती भाकरीला चटणी लावूनच खायची. दिवेलागणीला आमच्या मधल्या भिंतीपलीकडून मोजणी ऐकू यायची, "एकेचाळीस... बेचाळीस..." आमच्या ह्यांना एकदा वात्रटपणा सुचला. तिचं त्र्याहत्तर झालं, तशी त्यांनी अलीकडून मोठ्यानं आरोळी ठोकली, "अठ्ठावीस!" पलीकडे पाण्याची खळखळ थांबली. मग गंगाक्काचा आवाज आला, "मुडद्या!" आणि तिनं पुन्हा एकपासून सुरुवात केली.

त्या तुपावर मात्र कोपर रुसलं नाही. दोन वर्षं बरी गेली.

मग एका बाजाराच्या दिवशी बातमी उठली, की सांबरा गावाकडचा एक शिपाई, घरच्यांनी मेला म्हणून सोडून दिलेला, एवढ्या वर्षांनी चालत घरी आला. खरं-खोटं देव जाणे. गंगाक्का वखारीतून तडक वखारमालकाच्या सुनेकडे गेली. त्या सुनेकडे बेळगावहून आणलेली स्नो नावाच्या विलायती मलमाची बाटली होती. तिच्याकडून चार बोटं स्नो मागून आणला आणि आयुष्यात पहिल्यांदा, कोपराला न विचारता, सगळा तोंडाला लावला.

सकाळी मी दार ढकललं तर ओळखू येईना. तोंड भोपळ्यासारखं सुजलेलं, डोळे मिटलेले, गालांवर पाणी धरलेले फोड. भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"कुनी आलं तर सांग, घरात न्हाय म्हनून."

"कोण येणार आहे, आक्का?"

 "त्येंनी मला बगितलं त्ये चार म्हैनं. फोटू न्हाय, काय न्हाय. सतरा वर्सांचं तोंड तेवढं त्यास्नी ठावं. आल्यावर दुसरीच बाई दिसली, तर दारातनं माघारी जातील की गं. सरकारच्या कागदावर बेपत्ता लिवलंय, मेला म्हनून न्हाय लिवलं."

फोड महिनाभरानं गेले, डाग राहिले. ती पुन्हा तुपावर आली.

पुढच्या उन्हाळ्यात एक माणूस आमच्या गल्लीत आला. पिकलेल्या मिशा, एक पाय ओढत चालायचा. मला गंगाक्काचं नाव सांगून घर विचारलं. मी हाक मारली. ती पीठ मळत होती, तशीच बाहेर आली. त्याला पाहिलं आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"आलासा?" ती म्हणाली. आणि पाय धुवायला पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"वैनी," तो माणूस घाबरून म्हणाला, "म्या त्यो न्हवं. म्या त्येच्या पल्टनीतला."

ती तांब्या घेऊन तशीच उभी राहिली.

त्यानं उंबऱ्याबाहेर बसूनच सांगितलं. तिकडं इराकात, बसऱ्याच्या पुढं, नदीकाठी, तिचा नवरा तापानं गेला. "म्याच माती दिली. मेलेल्यांची नावं लिवनारा कारकून बी दुसऱ्या दिवशी तापानंच गेला, म्हनून कागदावर बेपत्ता ऱ्हायला. घरी सांगीन म्हनून त्येला सबूद दिलता. दोन बारी हितं गल्लीच्या तोंडापतूर आलतो. लोकांनी लांबनं तुमास्नी दावलं, कपाळाचं कुंकू बगून माघारी फिरलो. आता माझंच काय खरं न्हाय, म्हनून आलो."

गंगाक्कानं एकच विचारलं, "त्या वक्ताला वय किती हुतं त्यांचं?"

"तेवीस."

त्याला तिनं भाकरी वाढली. तो मोटारीनं परत गेला. संध्याकाळी मी तिच्याजवळ जाऊन बसले. बांगड्या हातात तशाच होत्या.

"मी त्यास्नी मनात म्हातारं करीत हुते गं," ती म्हणाली. "दरसाल एक वरीस वाढवायची. मिशा पिकवल्या, पाठ वाकवली. म्हनून त्या बाबालाच आलासा म्हनलं. आन् त्ये तर तितंच ऱ्हायलं. तेवीस वर्सांचं. माझ्या पोटी आलं असतं तर एवढंच असतं आज."

थोड्या वेळानं ती म्हणाली, "तापात पानी तरी दिलं असंल का गं कुनी, पोराला?"

मग तिनं पदर तोंडात कोंबला आणि लेकरू गेलेल्या बाईसारखी रडली.