चढणाऱ्याला वाट

आमच्या सोसायटीच्या पार्किंगच्या रॅम्पवरून गाडी खाली आणताना मला रिव्हर्स गियर टाकून पुन्हा तिसऱ्या मजल्यावर जायला लावणारा माणूस अख्ख्या बोरीवलीत एकच आहे. नाव मधुकर सामंत, वय अडुसष्ट, वाहन सायकल.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी ऑफिसला निघालो होतो. रॅम्पच्या वळणावर सामंतकाका सायकलवरून वर येताना दिसले. डोक्यावर हेल्मेट, अंगात मुलाची कॉलेजातली जर्सी, खाली खाकी हाफपँट आणि पायांत ऑफिसचे काळे बूट. त्यांनी एक पाय जमिनीला टेकवला आणि ट्रॅफिक हवालदारासारखा हात वर केला.

"मागे घ्या."

"काका, मी खाली चाललोय. तुम्ही जरा बाजूला व्हा ना."

"चढणाऱ्याला वाट द्यायची. घाटाचा नियम आहे."

"हा घाट नाही हो. पार्किंग आहे."

"ते तुमच्यासाठी," काका म्हणाले. "मी सध्या गायमुखला आहे."

मी या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. गळती, कबुतरं, दारात चपला ठेवण्यावरून भांडणं, सगळं निस्तरलंय. पण बोरीवलीतल्या पार्किंगमध्ये उभं राहून आपण घोडबंदरच्या घाटात आहोत असं सांगणाऱ्या माणसाशी काय बोलायचं, हे उपविधींत कुठेच दिलेलं नाही. मी गाडी मागे घेतली.

मग हळूहळू उलगडा झाला. दिवाळी संपल्यावर काका सायकलने नाशिककडे निघाले होते. ठाणे, शहापूर, कसारा घाट, इगतपुरी, नाशिक आणि तिथून पुढे दिंडोरीच्या बाजूला, जिथे डोंगरांच्या पायथ्याशी द्राक्षांचे मळे आहेत आणि त्या द्राक्षांची वाईन करतात. द्राक्षांचा हंगाम संपायच्या आत तिथे पोचायचं, मळ्यात बसायचं आणि एक ग्लास वाईन प्यायची, असा बेत. यात चुकीचं काहीच नाही. फक्त काका सोसायटीच्या गेटबाहेर पडत नव्हते. रोज सकाळी सात ते आठ रॅम्पवर फेऱ्या मारायच्या आणि जेवढं अंतर होईल तेवढं पुढे सरकायचं.

"मग खरंच जा की रस्त्याने," मी एकदा म्हणालो.

"बाहेर काय ट्रॅफिक असतो बघितलात?" काका दचकून म्हणाले. "माझ्या जिवावर उठलात काय?"

त्यांच्या सायकलला एकवीस गियर आहेत. ते फक्त पहिला वापरतात. बाकीचे वीस परतीच्या प्रवासासाठी राखून ठेवलेत म्हणे. आणि ते सायकलने फक्त चढतात. तिसऱ्या मजल्यावर पोचले की सायकल मागच्या चाकावर उभी करतात, तिला लिफ्टमध्ये घालतात आणि तळमजल्याला उतरून पुन्हा चढायला लागतात. लिफ्टमध्ये कुणी तक्रार केली की त्यांचं एकच उत्तर: "उतार कुणीही उतरतो." हे वाक्य त्यांना सगळीकडे चालतं. वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीवर चर्चा सुरू असतानाही त्यांनी ते एकदा टाकलं होतं आणि दोघांनी माना डोलावल्या होत्या.

या प्रवासात अख्खी बिल्डिंग ओढली गेली. माझी गाडी रोज नव्या गावात उभी असायची. "सेक्रेटरीसाहेब, आज तुमची गाडी शहापूरला आहे," काका सांगायचे. पुढे मला ऑफिसात एकाने गाडी कुठे लावलीस म्हणून विचारलं, तर माझ्या तोंडून आटगाव निघून गेलं. घरी काकांसाठी फोन आला की सामंतकाकू शांतपणे सांगायच्या, "ते खर्डीला आहेत. आंघोळ झाली की फोन करतील." एकदा नॅशनल पार्कातली माकडं भिंतीवरून उतरून दुसऱ्या मजल्याच्या पार्किंगमध्ये घुसली. वॉचमन काठी घेऊन धावला, तर काकांनी त्याला अडवलं. "राहू दे रे. कसारा आला." आणि खिशातले चणे काढून त्यांच्यासमोर टाकले. त्या दिवसापासून माकडं रोज सातला यायला लागली, म्हणजे कसारा संपला तरी माकडं राहिली. इगतपुरीचे दोन दिवस काकांनी रेनकोट घालून काढले. हवा दमट असते, असं कारण होतं. डिसेंबर होता.

वाईनचं तर विचारूच नका. या माणसाने जन्मात थेंब घेतलेला नाही. पण वाईन कशी प्यावी याचं पुस्तक त्यांनी लायब्ररीतून आणून पाठ केलं होतं. सोसायटीच्या सत्यनारायणाला कोकम सरबत होतं. काकांनी कागदी ग्लास उजेडाकडे धरला, गोल गोल हलवला, त्यात नाक घातलं, घोट तोंडात घोळवला आणि डोळे मिटून म्हणाले, "पूर्वेच्या उतारावरचं दिसतंय." केटरर घाबरून म्हणाला की सरबत आजच केलंय.

आणखी एक गोष्ट होती. सायकलच्या कॅरिअरला एक पिशवी असायची आणि तिच्यात काचेचे ग्लास किणकिणायचे. यावरून काका पार्किंगमध्ये बसून घेतात, अशी बातमी सी विंगपर्यंत गेली. घंटीचाही वैताग होता. दर फेरीला दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते घंटी वाजवायचे आणि लगेच दुसऱ्यांदा घंटी ऐकू यायची. मला वाटायचं, रॅम्पमध्ये आवाज घुमतो.

मार्चमध्ये शहाभाईंचा तोल सुटला. त्यांची गाडी मोठी आणि ऑफिस लांब. "सेक्रेटरी, रोज माझा लेट होतो. हा माणूस मला रिव्हर्स घेऊन वर पाठवतो. सायकल बंद करा, नाहीतर मी लेखी देतो." त्यांनी लेखी दिलंच. खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं. रोज उलटी गाडी घेऊन माझी मान धरली होती. मी सायकलबंदीची नोटीस टाइप केली. कमिटीपुढे ठेवायला आणखी एक तक्रार हातात असावी, म्हणून ज्यांना सगळ्यात जास्त त्रास होत असणार अशा घरी गेलो. ते घर म्हणजे पाटकरांचं.

रिडेव्हलपमेंटच्या वेळी चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा सामंतकाकांना चौदाव्या मजल्यावरचं, पार्काकडे तोंड असलेलं घर लागलं होतं. पाटकरांच्या वाट्याला आलं दुसऱ्या मजल्यावरचं, ज्याची खिडकी थेट रॅम्पच्या वळणावर उघडते. दोघे एकाच ऑफिसात तीस वर्षं शेजारी बसून नकाशे काढायचे. दोन वर्षांपूर्वी पाटकरांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मी एकदाच भेटायला गेलो होतो. त्यांनी मला बघून डोळे मिटून घेतले होते.

मी बेल वाजवली तेव्हा सव्वासात झाले होते. पाटकरवहिनींनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "या, पण आत्ता त्यांच्याशी बोलू नका. कामात आहेत."

पाटकर खिडकीशी व्हीलचेअरवर बसले होते. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. मांडीवर ड्रॉइंग बोर्ड, त्यावर हाताने काढलेला बोरीवली ते दिंडोरी नकाशा, एकेक वळण दाखवलेला. डाव्या हातात पेन्सिल. आणि खिडकीच्या ग्रिलला सायकलची एक घंटी घट्ट बसवलेली.

खालून धापा ऐकू आल्या. मग सामंतकाका वळणावर आले, घंटी वाजवली आणि न थांबता पाटकरांच्या खिडकीकडे ओरडले, "विल्या, डाव्या हाताला द्राक्षं, उजवीकडे डोंगर. वास येतोय रे." त्यांच्या डाव्या हाताला मीटररूम होती आणि उजवीकडे आग विझवायचा पाइप. पाटकरांनी ग्रिलवरची घंटी वाजवली आणि नकाशावर केसाएवढी रेघ पुढे ओढली.

"घरात कुणी आलेलं यांना सोसत नाही," वहिनी हळू आवाजात सांगत होत्या. "तब्येत विचारायला माणूस आला की डोळे मिटतात. सामंतभावजी आले तरी तेच. महिनाभर येऊन तसेच परत गेले. मग दिवाळीनंतर एक दिवस सायकल घेऊन खिडकीवरून गेले. आत आले नाहीत, थांबले नाहीत, तब्येत विचारली नाही. नुसते म्हणाले, निघालो. रिटायर झाल्यावर दोघांनी जायचं ठरवलं होतं ना. हे नकाशा बघणार आणि ते पुढे राहणार." त्या थोडं हसल्या. "एकदा भावजींनी दोन फेऱ्या कमी मारून नाशिक आलं म्हणून सांगितलं. यांनी घंटी वाजवून वाजवून त्यांना परत पाठवलं."

मग त्यांनी सांगितलं की रविवारी पाटकरांना मुलगी पुण्याला घेऊन जाणार आहे, कायमचं. वहिनींना एकटीला आता उचलवत नाही. दिवस गुरुवारचा होता. नकाशावर अजून दोन बोटं रस्ता शिल्लक होता.

"तुमचं काय काम होतं?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "सहज आलो होतो." नोटीस खिशात चुरगळली होती. मला स्वतःची लाज वाटली, आणि मानेच्या दुखण्याची त्याहून जास्त.

त्या संध्याकाळी मी लिफ्टमध्ये वेगळीच नोटीस लावली: शनिवारपर्यंत सकाळी सहा ते नऊ रॅम्पवर चढणाऱ्या वाहनास प्राधान्य. हुकमावरून, सेक्रेटरी. शुक्रवारी काकांनी दुप्पट फेऱ्या मारल्या. शनिवारी तिसऱ्या मजल्यावर मीच हात आडवा करून उभा राहिलो. शहाभाईंनी काच खाली करून कारण विचारलं. मी सांगितलं. त्यांनी इंजिन बंद केलं आणि ऑफिसला फोन लावून म्हणाले, "आज लेट होणार. दिंडोरीत अडकलोय."

पावणेनऊला वळणावरची घंटी वाजत राहिली, थांबेचना. मी खाली गेलो. काका ग्रिलला टेकून उभे होते. पिशवीतून त्यांनी टॉवेलात गुंडाळलेले दोन उंच दांड्यांचे ग्लास काढले, बाटलीतून कोकम ओतलं आणि एक ग्लास गजांतून आत दिला. पाटकरांनी तो डाव्या हाताने उजेडाकडे धरला, हलवला, नाकाशी नेला. निम्मं शर्टावर सांडलं. दोघेही त्याकडे न बघता समोर बघत होते. समोर मीटररूम होती.

रविवारी मुलगी पाटकरांना आणि वहिनींना घेऊन गेली. काका निरोपाला खाली आले नाहीत.

सोमवारी मी नेहमीच्या वेळेला निघालो. दुसऱ्या मजल्यावरची खिडकी बंद होती. ग्रिलवरची घंटी वहिनींनी काढून बरोबर नेली होती. रॅम्प मोकळा होता, आता रोज मोकळाच असणार होता, आणि ते मला अजिबात आवडलं नाही. तेवढ्यात खालून काचेचा किणकिणाट ऐकू आला. हेल्मेट, जर्सी, काळे बूट. काकांनी पाय टेकवला. डोळे सुजलेले होते. हात मात्र वर केला.

"आता कुठे, काका?" मी विचारलं.

"पुण्याला," ते म्हणाले. "मध्ये खंडाळ्याचा घाट आहे. वेळ लागेल."

मी गाडी रिव्हर्सला टाकली.