बाजल्याच्या मापाने बांधलेल्या जीपची बखर

श्री. कुलस्वामिनीचे पायी डोके ठेवून, अक्षर वाकडे पण मजकूर सरळ, ऐसे लिहिले. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी डोंगरमाथ्याचे राज्यात वर्तमान घडले ते ऐसे की, राज्यास माणसे होती, गुरे होती, देव होता, रस्ता मात्र नव्हता. ओढा आणि दगड हीच वाट. कोणी आजारी पडले की बाजल्यास बांबू बांधावे आणि कोंडिबा, सखाराम, यशवंता, बबन या चौघांनी खांद्यावर घेऊन खाली सडकेस पोचवावे, ऐसी वहिवाट. आमच्या जाऊबाईंची कंबर मोडली तेव्हा त्यांसही ऐसेच नेले. सडकेपर्यंत निमूट होत्या, मग बाजल्यावरून उचलून जीपच्या बाकावर दुमडून बसविले, ते समयी ज्या ओरडल्या, ती ओरड आमच्या कानांतून अद्याप गेली नाही.

आणि यंदा सूनबाई रेश्मा यांस दिवस राहिले, तेव्हा आमचे चिरंजीव नवनाथराव यांनी जुनी जीप आणविली आणि ओढ्यातून चढेल ऐसी, चारी चाकांस जोर असलेली गाडी नव्याने बांधावी ऐसी मसलत केली. तालुक्याहून उस्मानभाई मिस्त्री आले आणि अंगणात खडूने गाडीचा नकाशा काढिला. चिरंजीव बोलते जाहले, "टायर उंच पाहिजेत. टपावर दिव्यांची रांग, मागं मोठे स्पीकर, आणि पाठीवर लिहायचं, डोंगरचा राजा."

मिस्त्री म्हणाले, "राजे, वरात काढायचीय का?"

मग आम्ही पुसिले, "आणि रेश्मा कुठं निजंल?"

"बसंल की पुढं. आई, तुला गाडीतलं काय कळतंय?"

"गाडीतलं नाही कळत. बाळंतपणातलं कळतं. तू किती वेळा बाळंत झालास रे?"

मिस्त्री खडू शोधू लागले, खडू हातातच होता. मग आम्ही ओटीवरले बाजले आणविले आणि नकाशावर ठेवून त्याजवर स्वतः आडवे जाहलो. पाय गाडीबाहेर गेले. आम्ही आज्ञा केली, "माझ्या टाचंपुढं रेघ ओढा. बाजलं मागनं तसंच आत सरकलं पाहिजे. वरचं माणूस हलता कामा नये."

मिस्त्री बोलले, "मग स्पीकर जातील, आई. मागची बाकं पण जातील."

"जाऊ देत. सोडायला कोण येतंय त्यांना."

चिरंजीव रुसून बोलले, "टायर तरी उंच राहू द्या."

तेव्हा कोंडिबा, जो कुंपणापाशी तंबाखू मळीत बसला होता, हळूच म्हणाला, "नाथा, आत सरकवायची जागा कंबरंएवढी ठेव बाबा. छातीएवढं आमच्यानं आता उचलवत नाही."

कोंडिबाचे मानेपाशी बांबूने घट्टा पडला आहे. चिरंजीवांस लहानपणी विंचू चावला, तेव्हा त्याच मानेस मिठी मारून ते सडकेस गेले होते. चिरंजीव उठले आणि आपल्याच पायाने खडूचे स्पीकर पुसिले, मग टायरही धाकटे केले.

फाल्गुनात गाडी उभी राहिली. चैत्रात सूनबाईंस कळा लागल्या आणि बाजले कमरेच्या उंचीने आत सरकले, सूनबाईंचा पदरही ढळला नाही. गाडी ओढ्यात उतरली आणि दगडांवर चढली, आणि चौघेजण बांबू खांद्यावर टाकून सडकेपर्यंत मागे चालत आले. आम्ही आतून ओरडलो, "अरे, आता कशाला?"

कोंडिबा म्हणाला, "रुतली म्हंजे?"

रुतली नाही. दवाखान्यात नात जाहली, रडणे आमच्याच वळणाचे. परत निघता आम्ही गाडीची पाठ प्रथम नीट पाहिली. डोंगरचा राजा तेथे नव्हता. चिरंजीवांनी, आम्हांस न सांगता, चार नावे रंगवून घेतली होती. आम्हांस शाळा थोडकी, तरी चारही नावे बोट ठेवून वाचिली, आणि मग पदर डोळ्यांस लाविला.

सारांश, राज्यास रस्ता आजही नाही. गाडी आहे, नात सुखरूप आहे. चौघांचे उपकार फिटावयाचे नाहीत, ते आम्ही मिरवितो. कोंडिबाचे खांद्यास तेल आमच्या घरून जाते. इतके लिहून हात थांबविला.