साळूबाईंची छाप कोणती?

एका जंगलात, बाळांनो, इंदुमती नावाची एक साळू राहत होती. पिल्लं झाली तेव्हा तिने नोकरी सोडली होती. आता पिल्लं मोठी झाली. आई घरात असली की त्यांना अडचण होऊ लागली. त्यात सासूबाई येताजाता म्हणायच्या, "आता कुठलं गं होतंय तुझ्याच्यानं काम?"

इंदुमतीला ते फार लागायचं. "परत कामावर जाऊनच दाखवते!" तिने ठरवलं.

तिचं काम संगणकाचं. पाणवठ्यावर कोणी कधी यायचं, हे कचेरीतला संगणक ठरवायचा. हरणांची वेळ वेगळी, बिबट्याची वेगळी. हल्ली मात्र काहीतरी बिघडलं होतं आणि दोघांना एकच वेळ मिळत होती. हरणं रोज तक्रार करायची. रोज थोडी कमी हरणं तक्रार करायची.

कचेरीचे प्रमुख गेंडेसाहेब. ते म्हणाले, "महिनाभर बघू. जमलं तर कायम, नाहीतर घर आहेच. बरं, संगणक कोणता देऊ? जांभूळ छाप, झरोका छाप की बदक छाप?"

"कुठलाही चालेल, साहेब."

अगं बाई! असं उत्तर तिथे कुणी दिलंच नव्हतं. त्या कचेरीत चहाच्या किटल्यासुद्धा तीन होत्या, प्रत्येक छापेची वेगळी. आणि कामाचं बोलणं व्हायचं ते फक्त चहाला.

लांडोरबाई हळूच म्हणाल्या, "जांभूळ घ्या हो. महाग आहे, पण नुसतं बघत बसलं तरी दिवस छान जातो."

छताला लटकलेलं वटवाघूळ म्हणालं, "बदक घ्या. फुकट! फक्त आपलं आपण जुळवायचं. माझं जुळवणं चालूच आहे."

"कधीपासून?"

"आजोबांनी सुरू केलं होतं."

"आमच्या घराण्यात झरोकाच," गेंडेसाहेब म्हणाले. "बंद पडतो. पुन्हा चालू करतो. चालायचंच."

"पण चूक वेळापत्रकात आहे," इंदुमती म्हणाली. "तिन्हींवर तीच दिसते. दुपारपर्यंत काढून देते."

"बाई, तुमची छाप ठरल्याशिवाय वेळापत्रकाला हात कसा लावू देणार?"

झालं. बिचारी महिनाभर चहाविना कोरडी बसून राहिली. महिना सरत आला तेव्हा साहेब म्हणाले, "तुमच्यात तळमळ दिसत नाही, बाई."

इंदुमतीच्या डोळ्यांपुढे सासूबाईंचा चेहरा उभा राहिला. दुसऱ्या दिवशी भर बैठकीत ती काटे फुलवून कडाडली, "झरोक्यावर बसणाऱ्याला मी संगणकवाला मानतच नाही! आणि बदक म्हणजे निव्वळ गरिबीचं सोंग! घेईन तर जांभूळच!"

लांडोरबाईंना भरून आलं. त्यांनी स्वतः कप विसळून तिला चहा दिला. गेंडेसाहेब रागाने लालबुंद झाले, पण खूश होऊन म्हणाले, "वा! बाईंना कामातलं कळतं. कायम करा!"

आता इंदुमती चांगली रुळली आहे. सासूबाई तिला अहोजाहो करतात. वेळापत्रकाचं कुणी विचारलं की ती म्हणते, "झरोकावाल्यांचा घोळ, दुसरं काय!" चूक काढायला दुपारपर्यंतचाच वेळ हवा, पण वादातून तेवढी सवड होत नाही. बिबट्याची काही तक्रार नाही.

पिल्लांना मात्र तिने बजावून ठेवलंय, "पाणवठ्याकडे फिरकायचं नाही हं. पाणी घरून न्यायचं."

तात्पर्य : बसून राहिलं की अंगातली विद्या गंजते म्हणतात. गंजू द्या, बाळांनो. दुसऱ्याला नावं ठेवायची सवय तेवढी सुटू देऊ नका, नोकरी तिच्यावरच मिळते.