पाणी थांबलं तेव्हाची पाहणी

धोका ओळखण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, असं मी एकदा जेवताना बोलून गेलो. एरवी मी इतकं ठाम काही बोलत नाही. जन्म ग्रंथालयात गेला, तिथे आवाज चढवायची सोयच नव्हती. पण समोर जावई होते. ते भरती-ओहोटीच्या प्रवाहावर वीज करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, आणि त्यांच्या साहेबांना धोक्यांचा विचार करणारा माणूस हवा होता. झालं, मला नेमलं.

मी पुस्तकं आणून वादळ, गंज, शेवाळ, तुटका नांगर, वाट चुकलेला देवमासा, सगळ्यांचा अभ्यास केला. सुरक्षेचं सुरक्षा विभागानेच ठरवावं, यंत्रवाल्यांनी त्यात नाक खुपसू नये, हा नियमही मीच सुचवला. साहेबांना तो फार आवडला. सुरक्षा विभागात मी एकटाच होतो.

मग परवाना देणारी समिती यंत्र पाहायला येणार असं कळलं. परवाना मिळाला नाही तर जावयांची इतक्या वर्षांची मेहनत समुद्रातून उपसून भंगारात जाणार होती. यंत्र खाडीच्या तोंडाशी, पाण्याखाली. तिथल्या प्रवाहात बोट दावं तोडू पाहणाऱ्या वासरासारखी हिसके देते. पाहुण्यांना इजा होऊ नये म्हणून मी भरतीचं वेळापत्रक धुंडाळून पाणी अगदी शांत असण्याची वेळ काढली. साहेबांनी माझी पाठ थोपटली. जावई तेव्हा तरंगत्या फलाटावर यंत्राची पाती बसवत होते. नियमानुसार त्यांना विचारायचा प्रश्नच नव्हता.

समिती आली तेव्हा समुद्र ताटात वाढून ठेवल्यासारखा निश्चल होता. फलाटावरच्या पडद्यावर पाण्याखालची पाती दिसत होती. एका पात्यावर खेकडा निवांत बसला होता.

"हे फिरत का नाही?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

जावई तोंड उघडणार तोच साहेब म्हणाले, "पाहुणे असताना आम्ही फिरवत नाही. सुरक्षा. यांची कल्पना." आणि माझ्याकडे बोट दाखवलं. मी मान डोलावली. नाही म्हणायला धैर्य लागतं.

जावयांनी मला बाजूला ओढलं. "बाबा, पाणी थांबल्यावर ते कशाच्या जोरावर फिरणार? आता ओहोटी लागेल तेव्हा फिरेल. तोवर यांना बोलण्यात गुंतवा."

अनोळखी माणसांशी मी काय बोलणार? मला एकच विषय येत होता. मी धोके सांगायला लागलो. आधी चाचरत, मग रंगत गेलो. सुटलेलं पातं कुठवर उडेल, तुटलेली केबल कशी वळवळेल, उलटलेल्या बोटीखाली किती अंधार असतो. आयुष्यात प्रथमच लोक माझं बोलणं जीव मुठीत धरून ऐकत होते. जावई मागून हातवारे करत होते. मला वाटलं, त्यांनाही आवडतंय.

तेवढ्यात पाणी वळलं. खेकडा दचकून निघून गेला आणि पाती डौलात फिरू लागली.

"बंद करा ते!" अध्यक्षबाई किंचाळल्या, आणि समिती बोटीकडे पळाली.

परवाना मिळाला, हे आधी सांगतो. फक्त त्याला अट आहे : पाणी पूर्ण स्थिर असतानाच यंत्र चालवावं. अट एकदाही मोडली नाही म्हणून साहेबांनी माझा सत्कार केला. जावई आले नव्हते. त्यांना माझ्याशी बोलायचं असलं, की हल्ली मुलीचा फोन येतो.