पाचव्या खाचेतला स्वार

लेकीसाठी मुलगा पाहायला गेलेल्या सोनाजीनं मुलाकडं पाहिलंच नाही.

साखरा गावच्या बालाजीच्या बैठकीत सतरंजी अंथरलेली, पोहे आलेले, त्यावर खोबरं पेरलेलं. सोनाजीची बायको मंजुळाबाई डोळ्यांनी घर मापत होती. बालाजीचा हरीश नव्या शर्टाच्या घड्या मोडत आला, वाकून पाया पडला. सोनाजीनं आशीर्वादाचा हात उचलला आणि तो हरीशच्या डोक्यावर ठेवायचा सोडून शेजारच्या लोडावर ठेवला. "औक्षवंत व्हा," असं तो लोडाला म्हणाला.

कारण त्याची नजर मधल्या खोलीत गेली होती. तिथं कोनाड्यात देव्हारा होता. झेंडूच्या फुलांतून एक उगारलेली तलवार वर आली होती. तलवारीखाली मूठ, मुठीखाली हात, मग फेटा, मग घोड्याची मान. सगळं मिळून बोटभर.

सोनाजीच्या हातातला पोह्याचा चमचा तसाच अधांतरी राहिला.

नरसीला कयाधू नदीच्या अंगाला सोनाजीचं रंगकाम चालायचं. ट्रॉल्या, दुकानांच्या पाट्या, पोळ्याला बैलांची शिंगं. त्याचा रंग असा की ट्रॉलीच्या फाळक्यात तोंड बघून माणसानं भांग पाडावा. पण पोटाचं काम उरकलं की तो ओसरीवर मांडी घालून शिशाचे शिपाई रंगवायचा. हिंगोलीला फार पूर्वी पलटणीची छावणी होती. साहेबांची लेकरं खेळली असतील, साहेब गेले, लेकरं गेली, शिपाई मात्र मातीत, माळ्यावर, भंगारात मागं राहिले. बारा वर्षं सोनाजी भंगारवाल्यांची पोती उपसत होता. एकोणीस पायदळ आणि एक नगारेवाला त्यातून निघाला होता. आणि एकदा निघाली होती लाल झाकणाची एक पेटी. आत घोडेस्वारांसाठी पाच खाचा. चार भरलेल्या, पाचवी रिकामी.

त्या पाचव्या खाचेनं त्याला वेडं केलं. पहाटेच्या अर्धवट झोपेत त्याला दिसायचं, की चौघे स्वार कयाधूच्या वाळूत घोड्यांना पाणी पाजताहेत. पाण्यावर धुकं, धुक्यात फेटे. घोडे पिऊन होतात, पण स्वार निघत नाहीत. मागं वळून बघत राहतात, कुणीतरी यायचं आहे म्हणून.

मंजुळाबाई भाकरी थापता थापता गुणगुणायची:

बोटभर सवती माझ्या, पेटीत निजल्या चौघी;
त्यांच्या गालाला गं लाली, मी चुलीपाशी उगी.

आता इथं, साखऱ्यात, हळदीनं पिवळाधम्मक झालेला, नाक झिजून सपाट झालेला पाचवा स्वार देव्हाऱ्यात बसला होता.

"काय पाहून राहिले इवाई?" हरीशची आजी चतुराबाई दारातून म्हणाली. सोयरीक ठरायच्या आधीच तिनं त्याला व्याही करून टाकलं होतं.

"आजी, हे... हे कुठून आलं?"

"आलं न्हाई, आले म्हणा. खंडोबा हायेत आमचे. माझ्या सासूच्या सासूला निंदताना सापडले. खुरप्याला लागले आन् म्हणले, मला घरी ने."

"म्हणले?"

"मंग! म्हणले न्हाईत तर घरी आले कसे?"

 सोनाजी उठला, देव्हाऱ्यापुढं गुडघे टेकून बसला. बारा वर्षांच्या शोधाचे दोन थेंब डोळ्यांतून खाली पडले.  बालाजीनं डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली.

"असा भाविक माणूस आपल्या सोयऱ्यांत न्हाई," तो हळूच हरीशला म्हणाला. "शिक जरा."

सोनाजीच्या तोंडून एकच वाक्य निघालं. "यांचा रंग गेलाय हो!"

चतुराबाईनं कपाळाला हात लावला. "कसं वळखलं बघा! आवो, घरात तीन लग्नं झाली. दर लग्नाआधी देव सोनाराकडं उजळायला जातात. बाकीचे लखलखीत होऊन येतात. खंडोबाला सोनार हात लावत न्हाई. म्हणतो, आजी, ह्यो धातू नरम हाय, घासला तर देव झिजल. सगळ्या देवांत माझा खंडोबाच तेवढा फिक्का. इवाई, तुमी रंगारी. तुमीच उजळून आणा."

सोयरीक तिथंच पक्की झाली. साखर वाटली गेली. खंडोबा पिवळ्या फडक्यात, भंडाऱ्याच्या चिमटीसह सोनाजीच्या ओंजळीत आले. आजीनं बजावलं, "घोडा पांढरा, अंगरखा पिवळा. परवा दिशी हिंगोलीला बस्ता बांधायला जाऊ, तवा येता येता घेऊन जाईन."

जीपमध्ये मंजुळाबाईनं विचारलं, "आता सांगा, कसं वाटलं?"

"उजवा हात जरासा वाकलाय. पण सरळ होईल."

"अगं माय! हरीशचा? मला कसा दिसला न्हाई?"

"स्वाराचा गं."



घरी आल्या आल्या सोनाजीनं पेटी काढली. हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. पाचवा स्वार पाचव्या खाचेत ठेवला. टक् असा बारीक आवाज झाला, जणू कुणीतरी खूप वर्षांनी घरी येऊन दाराची कडी लावून घेतली.

त्याला चोरी करायची नव्हती. देव परत द्यायचा हे पक्कं होतं. त्याला फक्त एक दिवस हवा होता. एकच दिवस पाचही जण एका रंगात, एका रांगेत, उन्हात उभे बघायचे, एक फोटो काढायचा आणि मग पाचव्याला पिवळा अंगरखा चढवायचा. एका दिवसानं देवाचं काय जाणार होतं? शंभर वर्षं तर देव हळदीत बसलेच होते.

तो कामाला लागला. कोमट पाण्यानं हळद उतरवली, तेव्हा पाणी सोन्यासारखं झालं. ते त्यानं सांडलं नाही, तुळशीला घातलं. झिजलेल्या नाकावर पुट्टीचा कण ठेवून सुईच्या टोकानं नाक काढलं. वाकलेला हात फुंकर घालावी इतक्या हलक्या बोटांनी सरळ केला. मग अस्तर, मग आधीच रंगवून ठेवलेल्या चौघांसारखाच रंग. अंगरखा लाल, घोडा तपकिरी, फेटा निळा, पायाखालची पट्टी वरून खालून हिरवी. जुन्या शिपायांची तऱ्हा त्यानं मोबाइलवर पाहून पाहून पाठ केली होती. रंग चकचकीतच हवा आणि दोन्ही गालांवर गुलाबी ठिपका. शेवटी वॉर्निशचा हात. इतका तुकतुकीत की स्वाराच्या छातीत ओसरी दिसावी, ओसरीत सोनाजी दिसावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचही जण ओट्यावर उन्हात उभे राहिले. सोनाजी बघत बसला. चहा निवला. ट्रॉलीवाला हाका मारून गेला. लेक प्रतिक्षा म्हणाली, "पप्पा, फोटो काढू का?"

"थांब. जरा उन्हं वर येऊ दे. तलवारी पेटू दे."

एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी वावटळ उठली. पाचोळा, धूळ, कुणाचं तरी बनियन असं सगळं गिरक्या घेत आलं. मंजुळाबाई आतून धावली. पाचही जण पदरात घेतले, आत नेले, वावटळ गेल्यावर बाहेर आणून पुन्हा रांगेत लावले. "ओल्या रंगाला धूळ लागली म्हंजे तुमीच बोंबलत बसले असते," ती म्हणाली. खरं तर रंग रात्रीतच सुकला होता. पण बिचारीनं बारा वर्षांत पहिल्यांदा सवतींची काळजी वाहिली होती.

सोनाजी रांगेकडं बघत राहिला. मग वाकून बघू लागला. मग पालथा पडून.

"मंजुळा, देव कोणता?"

"म्हंजे?"

"ह्यातला देव कोणता?"

"मला काय ठाव? तुमीच रंगवले. नाक बघा ना, देवाचं नाक सपाट हुतं."

"नाक बसवलं मी."

"हात वाकडा हुता."

"सरळ केला."

"मंग तळपायाला काही खूण?"

"तळालाही हिरवा मारला."

मंजुळाबाई ओट्यावर बसली. "आवो, इतकं चांगलं काम काहून केलं? जिंदगीत एकदा तरी चुकायचं हुतं."

आणि गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली.

"बस्ता आजच काढला!" चतुराबाई उतरता उतरता ओरडली. मागं बालाजी, त्याच्यामागं हरीश. "दुकानवाला म्हणला उद्या बंद हाय. म्हणलं जाता जाता देव बघावा, त्याला नमस्कार करूनच लुगडी घ्यावी. कुठंय माझा खंडोबा?"

सोनाजीनं ओट्याकडं बोट केलं.

चतुराबाईनं पाहिलं आणि ती खालीच बसली. उन्हं आता बराबर वर आली होती. पाच तलवारी पेटल्या होत्या, दहा गाल गुलाबी झाले होते.

"माय माय! गालाला लाली आली देवाच्या! आन् अंगरखा लाल काहून?"

"ते..." सोनाजी घुटमळला.

"लग्नाचा पोशाख! बरं सुचलं तुमाला." तिनं स्वतःच उत्तर देऊन टाकलं. मग तिनं मोजलं. बोटानं पुन्हा मोजलं. "इवाई, देव पाच कसे?"

"आजी, खोटं न्हाई बोलत. चार माझे, एक तुमचा."

"मंग आमचा कोणता?"

बालाजीच्या चेहऱ्यावरची साखर विरघळू लागली. प्रतिक्षा दाराआड गेली. हरीश तिच्याकडं बघत होता, त्याला किती देव आहेत याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. सोनाजीच्या मनात आलं, सांगून टाकावं. हे कुणा साहेबाच्या लेकराचं खेळणं आहे, आजी. कधीतरी छावणीतून निघालं, तुमच्या शेतात पडलं. पण चतुराबाईची सुरकुतलेली बोटं हवेतच एका स्वाराच्या गालाशी थांबली होती, तान्ह्याच्या गालाशी थांबावीत तशी. चार पिढ्यांच्या सुनांनी ज्याला आपल्या लेकराबाळांची दुखणी सांगितली, त्याला खेळणं म्हणायला सोनाजीची जीभ उचलेना.

"मला वळखू येईना झालंय," तो एवढंच म्हणाला.

"त्यात काय!" चतुराबाई उठली. "देवालाच इचारू. कौल लावू."

तिनं दारच्या झेंडूचं फूल तोडलं, पाच पाकळ्या पाण्यात बुडवल्या आणि पाचही स्वारांच्या छातीवर एकेक चिकटवली. "ज्याची पाकळी उजवीकडं पडल तो आमचा. पण बसा समदे. आमचा देव लवकर बोलत न्हाई. हरीशच्या दुकानाचा कौल मागितला तवा दोन घंटे लागले. चहा ठेवा, इहीणबाई."

सोनाजीनं पाकळ्यांकडं पाहिलं. हळदीनं खरखरीत झालेल्या अंगावर पाकळी दोन तास टिकेल. पण हे अंग होतं वॉर्निशचं, आणि ओटा होता पावसाचं पाणी जावं म्हणून उजव्या अंगाला उतरता. त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात—

सर्र.

पाचही पाकळ्या एका वेळी घसरल्या, उजवीकडं.

 समोरच्या घरची रुख्मिणीबाई हातात सूप घेऊन होती तशीच थबकली.

"पाचही म्हणले," चतुराबाई कुजबुजली. "मागितल्याबरोबर म्हणले! बालाजी, पाहिलं का? आपला देव एकटा हुता म्हून फिक्का हुता. चार भाऊ इकडं, ह्यो तिकडं. आपल्या भावांकडं जायचं म्हून त्यानं ह्ये लगीन जुळवलं!"

सोनाजीनं डोळे मिटले. आजीचं गणित चुकलं होतं, पण उत्तर मात्र बरोबर आलं होतं. त्यानं आत जाऊन पेटी आणली.

पाचही स्वार पेटीत बसले. टक्, टक्, टक्, टक्, टक्. लाल झाकण लागलं आणि पेटी चतुराबाईच्या मांडीवर चढली. बारा वर्षांनी संच पुरा झाला होता आणि जीपमध्ये बसून साखऱ्याला चालला होता. सोनाजी धूळ बसेपर्यंत रस्त्यात उभा राहिला. फोटोसुद्धा राहून गेला होता.

लग्न थाटात झालं. लोकांनी नवरानवरीपेक्षा देव्हाराच जास्त पाहिला. पेटी चतुराबाईनं परत पाठवली. रिकामी पेटी देऊ नये म्हणून पाचही खाचांत एकेक सुपारी ठेवली होती. सोनाजीनं ती फळीवर ठेवली आणि आठ दिवस ब्रशला हात लावला नाही. पहाटे कयाधूच्या वाळूत आता कुणीच यायचं नाही. नुसतं धुकं.

नवव्या दिवशी साखऱ्याची एक म्हातारी दारात उभी राहिली. तिनं कमरेची गाठ सोडून इवलासा देव बाहेर काढला. "चतुराबाईच्या देवाला लाली लावली म्हणं तुमी. आमचा भैरोबा तवापासून रुसून राहिलाय."

मग सेनगावहून कुणाची म्हसोबाची लाकडी मूर्ती आली. बंजाऱ्यांच्या तांड्यावरून मिराबाई आली. तिच्या ओच्यात पितळेचा इवलासा बैल होता. "आमचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य घेऊन मुलूख फिरले, बाप्पा. ह्योच आमचा देव. तकलीफ नसंल तर शिंगं तेवढी चकचकीत करा." आठवड्याभरात ओसरीवर सव्वीस देव उतरले. सोनाजीनं ते उंचीप्रमाणं तीन रांगांत लावले. पुढं नगारेवाला, दोन्ही अंगांना एकोणीस पायदळ पहाऱ्यावर. मंजुळाबाई चुलीपाशी नवीनच काही म्हणू लागली:

शिपाई गेले, देव झाले. देव आले छावणीला,
कंथ माझा घाली रांग, ऊन आलं ओसरीला.

एका सकाळी सोनाजी वॉर्निशचा डबा उघडून बसला, रोजच्यासारखी गणती केली, तर सत्तावीस भरले. पुन्हा मोजले. सत्तावीसच. शेवटच्या रांगेच्या टोकाला, सगळ्यांत मागं, एक काळवंडलेला चांदीचा टाक पाटाला टेकवून उभा होता. तो कुठं तरी पाहिल्यासारखा वाटत होता.

"मंजुळा, ह्यो कुणाचा?"



"आपलाच," ती भाकरी थापता थापता आतून म्हणाली. "घरचा हाय म्हून मागं उभा केला. पाहुण्यांचं आधी होऊ द्या. पण लाली जरा जास्तीची लावा."